एकाच नावाच्या, एकाच सालच्या दोन गाड्यांचे भाग वेगळे का निघतात?

गिरणाकाठ (चाळीसगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे एका मोठ्या कंपनीची छोटी डिझेल मोटार आहे. पाचोऱ्याच्या मामांकडेही तीच मोटार आहे. नाव तेच, रंग तोच आणि आरसीवर सालही तेच. यंदा मे महिन्यात कन्नडचा घाट चढताना आमच्या गाडीचा काटा लाल रेषेला टेकला. रेडिएटरच्या पंख्याची मोटार जळाल्याचे मिस्त्रींनी सांगितले. मामा तेव्हा बाहेरगावी होते आणि त्यांची गाडी उभीच होती, म्हणून तिची मोटार काढून तात्पुरती बसवून पाहावी असे ठरले. प्रत्यक्षात कपलरचा (वायरी जोडणाऱ्या प्लगचा) आकार वेगळा निघाला, पिनांची संख्या वेगळी निघाली आणि पंख्याच्या चौकटीचे एक भोक अर्धा बोट बाजूला निघाले. त्यानंतर दुकानातून साल सांगून मागवलेला भागही आमच्या गाडीला न बसता मामांच्या गाडीला बसेल असाच आला.

यावरून काही प्रश्न मनात आले. गाडीचे नाव व रूप तेच ठेवून कारखान्यात आतले भाग वर्षाच्या मध्येच बदलले जातात का, आणि तसे असेल तर ग्राहकाला ते का कळवले जात नाही? सुधारणा करायच्याच असतील तर त्या साठवून ठेवून, सर्व मिळून एकदाच नवीन मॉडेल काढणे कंपनीला अधिक सोयीचे नाही का? आणि जाहिरातीत ज्या गाडीला पूर्णपणे नवीन म्हटले जाते, तिच्यात खरोखर नवीन किती असते? मामा दिवाळीत गाडी बदलण्याच्या विचारात आहेत, त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

सातपूर निवृत्त (धुळे) यांचे उत्तर

माझी नोकरीची बहुतेक वर्षे नाशिकच्या एका वाहन कारखान्यात, भागांमधील बदल उत्पादनात उतरवणाऱ्या विभागात गेली. त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. भाग वर्षाच्या मध्ये बदलतात, महिन्याच्या मध्ये बदलतात, आणि प्रसंगी सकाळच्या पाळीत बाहेर पडलेली गाडी व दुसऱ्या पाळीत बाहेर पडलेली गाडी यांतही एखादा कंस (ब्रॅकेट) किंवा एखादा पाइप वेगळा असतो. चालू उत्पादनातील गाडी एकदा ठरवून गोठवलेली वस्तू असते, असा समज बाहेर फार आहे. कारखान्यात तसे कोणी मानत नाही.

बदलाची कारणे अनेक असतात. गॅरेजमधून एकाच प्रकारच्या तक्रारी वारंवार येऊ लागतात, पुरवठादार बदलतो, तोच भाग कमी खर्चात होऊ शकेल असे कोणाच्या लक्षात येते, सरकारचा नवा नियम लागू होतो, किंवा कंपनीच्या दुसऱ्या गाडीसाठी बनवलेला चांगला भाग या गाडीतही वापरायचे ठरते. आपल्या पंख्याच्या बाबतीत नेमके काय झाले हे त्या कंपनीची कागदपत्रे पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही, मात्र उष्ण प्रदेशातून तक्रारी आल्यावर पंख्याची मोटार बदलणे हा अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि आपला भुसावळ-जळगाव पट्टा मे महिन्यात कोणत्याही पंख्याची परीक्षाच घेतो.

बदल ठरला म्हणजे तो दुसऱ्या दिवशी लागू होतो असे मात्र नाही. आराखड्यावर दुरुस्ती होते, पुरवठादार नमुने देतो, त्यांची मोजमापे आणि चाचण्या होतात, मग थोड्या गाड्यांवर तो भाग लाइनवर बसवून पाहिला जातो, कारण कागदावर बरोबर असलेला भाग कामगाराचे पान्यासकट हात जेथे पोचत नाहीत तेथे हमखास अडतो. सर्वांत जास्त खल मात्र जुन्या साठ्यावर होतो. भांडारात आणि पुरवठादाराकडे पडून असलेला जुना माल वापरून संपवायचा, थोडी दुरुस्ती करून वापरायचा की भंगारात काढायचा, हे प्रत्येक बदलाच्या कागदावर लिहावे लागते. ब्रेक किंवा स्टिअरिंगशी संबंधित दोष असेल तर जुना माल त्याच क्षणी अडवला जातो. एखादे प्लास्टिकचे झाकण असेल तर शेवटचे खोके संपेपर्यंत तेच वापरले जाते. जुना माल संपून नवा भाग ज्या गाडीपासून बसू लागतो, त्या गाडीच्या चेसिस नंबराची नोंद होते. तिला आम्ही ब्रेक पॉइंट म्हणत असू. म्हणूनच कारखान्याच्या हिशेबात ‘अमुक सालची गाडी’ या वर्णनाला फारसा अर्थ नसतो.

आता दुसरा प्रश्न, जो अधिक महत्त्वाचा आहे. सुधारणा साठवून एकदम का काढत नाहीत? गाडीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने जुने होतात आणि त्यांचा खर्चही वेगळा असतो. दरवाजे, छप्पर आणि खांब हे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या डाय अतिशय महाग असतात. त्यांच्यामागोमाग वेल्डिंगची फिक्स्चरे (भाग जागेवर धरून ठेवणारे साचे), काचा, रबरी पट्ट्या आणि अपघात चाचणीचे गणित हे सर्व बदलावे लागते. याउलट बंपर, जाळी आणि दिवे हे साच्यातून निघणारे प्लास्टिकचे भाग आहेत, तर बॉनेट आणि पुढचे फेंडर बोल्टवर बसतात. मधल्या वयात गाडीचे ‘तोंड’ बदलते आणि दरवाजे तेच राहतात, त्याचे कारण येथे आहे. एखादी नवी आवृत्ती खरोखर किती नवीन आहे हे पाहायचे असेल तर दिव्यांकडे न पाहता मागच्या दरवाजाच्या काचेची रेषा आणि छपराची कड पाहावी.

खर्चाइतकीच जोखीमही महत्त्वाची असते. इंजिन नवे, बॉडी नवी, वायरिंग नवे आणि पुरवठादारही नवे अशी गाडी एकाच दिवशी लाइनवर आणली आणि तिच्यात कंप येऊ लागला, तर दोष इंजिनाचा, त्याच्या माउंटिंगचा की बॉडीचा, हे शोधण्यातच महिने जातात. म्हणून शहाणा कारखानदार नवीन इंजिन आधी जुन्या बॉडीत घालतो आणि ते रस्त्यावर मुरले की नव्या बॉडीत नेतो. मारुतीच्या स्विफ्टचे उदाहरण घ्या. २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. के मालिकेतील १.२ लिटरचे इंजिन २००९ मध्ये रिट्झमध्ये आले, २०१० मध्ये ते जुन्याच बॉडीच्या स्विफ्टमध्ये बसले, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये स्विफ्टची बॉडी बदलली तेव्हा पेट्रोल इंजिन तेच राहिले. लोकांना २०११ ची गाडी नवी वाटली, आणि ती होतीही. पण तिचे हृदय आधीच हजारो गाड्यांमधून धावून आलेले होते. यात कायद्याचाही धागा होता, कारण १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपेक्षा आखूड पेट्रोल मोटारींना अबकारी कर कमी होता, आणि २०१० च्या एप्रिलपासून मोठ्या शहरांत भारत स्टेज ४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला होता.

याच्या उलट क्रमाचे उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिकचेच आहे. महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली. पुढे तिचे डिझेल इंजिन २.६ लिटरवरून २.२ लिटरच्या एमहॉकवर आले. २०१४ मध्ये तिच्याखालचा चेसिसच नवा झाला, परंतु वरचे दरवाजे आणि छप्पर पूर्वीचेच ठेवले गेले. पाहणाऱ्याला केवळ पुढचा चेहरा बदललेला दिसला, चालवणाऱ्याला मात्र वळणावर गाडी कमी झुकते हे लगेच कळले.

अजिंठा चौफुली स्पेअर्स (जळगाव) यांचे उत्तर

सातपूरकर काकांनी कारखान्याची बाजू सांगितली, मी काउंटरची सांगतो. आमच्याकडे रोज येणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण गाडीचे नाव आणि साल एवढेच सांगतात, आणि त्यावर भाग दिला की परत आलेल्या खोक्यांची रास लागते. आरसीवरचे नोंदणीचे साल तर सर्वांत फसवे. डिसेंबरमध्ये बनलेली आणि मार्चमध्ये पासिंग झालेली गाडी पुढच्या सालची म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात जुने भाग असू शकतात. गिरणाकाठ दादांच्या दोन गाड्यांचे साल एक असले तरी त्या ब्रेक पॉइंटच्या दोन बाजूंना असणार, असा माझा अंदाज आहे.

सतरा अक्षरांचा चेसिस नंबर सांगितला की काम सोपे होते. पहिली तीन अक्षरे कंपनीची असतात. मारुतीचा नंबर एमए३ ने, महिंद्राचा एमए१ ने आणि टाटांचा एमएटी ने सुरू होतो. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे त्यात नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तरीही लोक शून्याचा ओ करून पाठवतातच. उत्पादनाचा महिना आणि वर्षही त्याच नंबरात असते, मात्र महिन्याचे अक्षर कितव्या जागी आहे हे कंपनीगणिक बदलते, म्हणून दुसऱ्या कंपनीचा तक्ता वापरून वाचन करू नये. माझा आग्रह असा की नंबर तोंडी सांगू नये, चेसिस नंबराच्या पाटीचा फोटोच पाठवावा.

दुसरी गोष्ट पार्ट नंबरची. भाग बदलला की त्याचा नंबर किंवा नंबराचे शेवटचे अक्षर बदलते, आणि कंपनीच्या सूचीत जुना नंबर टाकल्यावर ‘याऐवजी हा वापरावा’ असा नवा नंबर दिसतो. येथे एक खुबी आहे. बऱ्याच वेळा नवा भाग जुन्या गाडीला बसतो, पण जुना भाग नव्या गाडीला बसत नाही. काही वेळा नवा भाग जुन्या गाडीला बसवायचा तर सोबत वायरिंगचा एक छोटा जोड किंवा वेगळा कंस घ्यावा लागतो आणि तो त्याच पाकिटात येतो. पंख्याच्या मोटारीसाठी असा जोड कंपनीने काढला आहे का, हे अधिकृत काउंटरवर जरूर विचारावे. मिस्त्रीने कपलर कापून वायरी पिळून जोडून दिल्या तर पंखा फिरेल, पण तिसरी पिन इंजिनाच्या संगणकाला वेग कळवणारी असेल तर पुढच्या उन्हाळ्यात तोच घाट आणि तोच लाल काटा.

रावेर-यावलकडे केळी वाहणाऱ्या पिकअपचे चालक याबाबतीत फार हुशार असतात. जुना बदललेला भाग टाकून न देता त्याच्यावरचा कागदी स्टिकर ते मोबाइलमध्ये टिपून ठेवतात. पुढच्या वेळी साल सांगण्याची गरजच पडत नाही.

तोरणमाळ (शहादा) यांचे उत्तर

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. चर्चा चांगली चालली आहे. तिच्यात थोडा इतिहास आणि थोडा मतभेद घालतो.

सर्व बदल एकदम केल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण फोर्डचे आहे. टी मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनले. त्यातही बदल होत होते, परंतु मूळ कल्पना तीच राहिली, आणि हेन्री फोर्ड यांनी वारस तयार करण्यास इतका उशीर केला की १९२७ च्या मे महिन्यात टी मॉडेल बंद करून ए मॉडेल डिसेंबरमध्ये लोकांसमोर येईपर्यंत कारखाने कित्येक महिने जवळजवळ थांबून राहिले. यंत्रे, फिक्स्चरे आणि मांडणी केवळ टी मॉडेलसाठी बांधलेली होती, त्यामुळे सर्व काही उपटावे लागले. त्याच वर्षी शेव्हरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. त्याच दशकात जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी रूपात थोडा बदल करण्याचे धोरण रुजवले; आतील यंत्रणा तीच ठेवायची आणि बाहेरचे कपडे बदलत राहायचे. आज आपण ज्याला फेसलिफ्ट म्हणतो त्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथे सापडते.

फोक्सवॅगनच्या बीटलने याच्या नेमका उलटा मार्ग धरला. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल बाहेर पडेपर्यंत एकूण दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि तिचे गोल रूप शेवटपर्यंत ओळखू येत राहिले. परंतु मागची दोन भागांतली काच १९५३ मध्ये एका अंडाकृती काचेत बदलली, १९५७ मध्ये ती मोठी व चौकोनी झाली, इंजिन ११३१ सीसीपासून टप्प्याटप्प्याने १५८४ सीसीपर्यंत गेले, आणि १९७० मध्ये तिच्या एका आवृत्तीचे पुढचे सस्पेन्शनही पार बदलले. पहिल्या आणि शेवटच्या बीटलमध्ये अदलाबदल करता येतील असे भाग शोधायला बसलो तर हाती फार काही लागणार नाही.

येथेच सातपूरकरांशी माझा थोडा मतभेद आहे. हळूहळू बदल करणे ही शहाणपणाची रीत आहे हे मान्य, पण ती आळशीपणाची ढालही होऊ शकते. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली आणि २०१४ मध्ये उत्तरपाड्यात थांबली. मधल्या काळात मार्क २, मार्क ३ आणि मार्क ४ अशी नावे आली, जाळ्या बदलल्या, डिझेल इंजिन आले, १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले. इंजिन इतके सुधारले की धुळ्याहून इंदूरकडे जाताना ती गाडी लहान मोटारींना मागे टाकत असे. पण बॉडीचा सांगाडा तोच राहिला, आणि सांगाडा तोच असेपर्यंत वजन, बैठक, ब्रेक आणि अपघातातील सुरक्षा यांना जी मर्यादा असते ती ओलांडता येत नाही. स्पर्धा नव्हती तोवर हे चालले. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि तीन वर्षांच्या आत, १९८६ मध्ये, तिची बॉडी पूर्ण बदलली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मात्र राहिले, पुढे कार्बोरेटर जाऊन त्यात इंधन इंजेक्शन आले, आणि २००० मध्ये अल्टो आली तीही त्याच घराण्याचे इंजिन घेऊन. दोन्ही कंपन्या हळूहळूच बदलत होत्या. फरक एवढाच की एकीने महागडा भाग, म्हणजे बॉडी, बदलण्याची तयारी ठेवली आणि दुसरीने तो खर्च पुढे ढकलत नेला.

ग्राहकाला कळवत का नाहीत, या प्रश्नाला आतापर्यंत कोणी हात लावलेला नाही. आपल्याकडे नवीन मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयकडून, मान्यता घ्यावी लागते. उत्सर्जन, ब्रेक, दिवे अशा गोष्टींना स्पर्श करणारा बदल असेल तर कंपनीने तो त्या संस्थेला कळवून मान्यतेचा विस्तार घ्यायचा असतो, आणि उत्पादन मान्य नमुन्याप्रमाणेच चालले आहे का याचीही तपासणी होते. म्हणजे नोंद ठेवली जाते, पण ती शासनाकडे आणि कंपनीच्या सेवा परिपत्रकांत. गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती तिच्यातले काहीच येत नाही. पंख्याच्या मोटारीसारखा भाग तर बहुधा या मान्यतेच्या कक्षेतही येत नाही. वापरकर्त्याच्या पुस्तिकेत ब्रेक पॉइंटची यादी छापावी अशी माझी अपेक्षा नाही, पण चेसिस नंबर टाकल्यावर आपल्या गाडीच्या भागांची सूची सर्वांना मोफत पाहता यावी, एवढी मागणी अवाजवी नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अजिंठा चौफुलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही गाड्यांच्या पाट्या पाहिल्या. आमची गाडी मामांच्या गाडीच्या चार महिने आधी बनलेली आहे. आता मामांचा मूळ प्रश्न उरतो. त्यांच्या मनात असलेल्या गाडीची नवी पिढी येणार असल्याची चर्चा आहे आणि विक्रेता जुन्या पिढीवर भरघोस सूट देतो आहे. थांबावे, की जुनी घ्यावी?

सातपूर निवृत्त (धुळे)

तोरणमाळ सरांचा मतभेद मला मान्य आहे. अँबॅसडरबाबत त्यांनी जे लिहिले ते आमच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असते, फक्त बैठकीत कोणी बोलत नाही.

मामांच्या प्रश्नाला ‘थांबा’ किंवा ‘घ्या’ असे एका शब्दात उत्तर देण्याऐवजी काय पाहावे ते सांगतो. पिढीच्या अखेरीस बनलेली गाडी सहसा त्या पिढीतील सर्वांत निर्दोष असते, कारण वर्षानुवर्षांच्या तक्रारींवरचे बदल तिच्यात जिरलेले असतात. नव्या पिढीच्या पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्यांत ते बदल अजून व्हायचे असतात. तरी हा नियम सरसकट लावू नये. नव्या पिढीत इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच्याच गाडीतून आलेले असतील आणि खालचा सांगाडा कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आधी वापरून झाला असेल, तर पहिल्या तुकडीचीही फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २०१८ च्या स्विफ्टचा हलका सांगाडा असाच २०१५ च्या बलेनोमध्ये आधी येऊन गेला होता. २०२४ च्या स्विफ्टमध्ये मात्र नव्या बॉडीबरोबर तीन सिलिंडरचे नवे पेट्रोल इंजिनही एकदमच आले. अशी गाडी वाईट असते असे नाही, पण मी स्वतः तशी गाडी घेणार असेन तर सहा-आठ महिने जाऊ देईन.

आणखी एक गोष्ट नियमांच्या तारखांची. कारखान्यात बदल वर्षभर झिरपत असले तरी कायद्याची तारीख आली की त्यांचा लोंढा येतो. भारत स्टेज ६ हा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला, तेव्हा एकाच वेळी इंजिन, धुराड्याची यंत्रणा, सेन्सर आणि वायरिंग बदलले. चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले, आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलांना पुढच्या दोन्ही एअरबॅगसाठी ३१ डिसेंबर २०२१ ही मुदत होती. अशा तारखेच्या तोंडावर बनलेला जुना साठा सवलतीत मिळतो खरा; मात्र २०१७ मध्ये भारत स्टेज ३ च्या वाहनांची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिलपासून थांबली तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत सूट पाहून गाड्या उचलणाऱ्या किती जणांनी भागांचा विचार केला असेल, याची शंका वाटते.

म्हणून मामांनी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात. जी गाडी मिळणार आहे तिचा चेसिस नंबर पैसे भरण्याआधी घ्यावा आणि उत्पादनाचा महिना पाहावा. आठ-दहा महिने यार्डात उभी असेल तर बॅटरी, टायर आणि सूट यांचा हिशेब पुन्हा करावा. येणाऱ्या पिढीचे इंजिन सध्याचेच आहे का, हे विचारावे. तेच असेल तर जुन्या गाडीच्या इंजिनाचे भाग पुढेही वर्षानुवर्षे सहज मिळतील, आणि ही सूटपेक्षा मोठी बचत आहे. तिसरे म्हणजे बॉनेट उघडून आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून काळ्या टेपने बांधून ठेवलेले मोकळे कपलर दिसतात का ते पाहावे. वरच्या आवृत्तीतील किंवा लवकरच येणाऱ्या सोयींसाठी वायरिंग आधीच टाकलेले असते आणि जोडायची वस्तू मागाहून येते. असे कपलर पाहून आम्ही दुसऱ्या कंपनीच्या गाडीत पुढच्या वर्षी काय येणार आहे ते ओळखत असू, आणि तो अंदाज क्वचितच चुकत असे.

अजिंठा चौफुली स्पेअर्स (जळगाव)

फक्त एक भर घालतो. त्या मोकळ्या कपलरांवर बाहेरून हॉर्न, दिवे किंवा कॅमेरा जोडून घेण्याचा मोह मामांना होईल आणि विक्रेत्याच्या शेजारचा ॲक्सेसरीवाला ते लगेच जोडूनही देईल. त्या कपलरपर्यंत वायर आलेली असली तरी फ्यूजच्या पेटीत त्या जागेचा फ्यूज आणि रिले असतीलच असे नाही, आणि कोणत्या महिन्यापासून ते बसू लागले हे पुन्हा चेसिस नंबरावरूनच कळते. जोडण्यापूर्वी फोटो पाठवा, पाहून सांगतो.